मोजे ओढणारी मावशी

पौडच्या एसटी स्टँडवर त्या बाईने माझ्या तीन महिन्यांच्या मुलाकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही. बाळ दिसलं की लोक आधी नाक कुणाचं ते ठरवतात. हिने न विचारता पायातले मोजेच ओढले.

“अहो मावशी!”

“गप गं, अंगठं बगतीया.” भेंडी निवडावी तसे तिने दोन्ही अंगठे निरखले. “सरळ हायेत. घाल मोजं.”

मला चिडलेली पाहून ती म्हणाली, “माज्या नातीचं अंगठं जल्मापास्नं आखूड, बाकीच्या बोटांकडं वळल्यालं. समदी म्हनली, नाक आज्यावर गेलंया. आमी खूश! मग पाठीवर गाठी आल्या, त्या मीच तेल लावून रगडल्या. डॉक्टर म्हनला, मांसाचं हाड व्हतंय, चोळू नका, उगं सुई टोचू नका. खूण जल्मापास्नं पायावर व्हती, आन आमी नाक बगत बसलो.”

समोरून दुसरं बाळ आलं, तशी ती लगबगीने उठली.

हल्ली बारशाला बायका पाळण्याच्या उशाशी गर्दी करतात. मी पायथ्याशी उभी असते, आणि बाळाची आजी मोज्यांवर नजर ठेवून असते.