आयत्या वेळचा विषय

आत्या गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. मी पाचवीच्या वर्गावर होते. गाडी फाट्यावर उभी करून तो शाळेच्या दारापर्यंत चालत आला आणि म्हणाला, कळमनुरीहून निरोप हाय, तुमची गिरजाआत्या सकाळी वारली, परतीच्या फेरीला तुम्हाला घेतो, तयार राहा. पोरं पाढे म्हणत होती. मी त्यांना थांबवलं नाही. पाढा संपेपर्यंत उभी राहिले आणि मग खुर्चीवर बसले ती मुख्याध्यापक येईपर्यंत उठलेच नाही. कावीळ झालेली होती हे माहीत होतं. डोळे हळदीसारखे झालेले मी स्वतः बघून आले होते. तरी ही बाई मरेल असं मनात आलं नव्हतं, कारण ती कधी कोणाचं ऐकत नसे, मग काविळीचं तरी काय ऐकणार होती...

शेवटचं भेटले तेव्हा तिच्याशी भांडलेच होते मी. नांदेडला मोठ्या दवाखान्यात चल म्हणाले तर म्हणे, पोरींची परीक्षा हाय, खोलीवर कोण निजंल? मी चिडले. म्हटलं, तू मेलीस तर कोण निजणार आहे? त्यावर ती नुसती हसली आणि माझा हात धरून म्हणाली, "सुमे, तुझं झालं. वच्छीचं राहून गेलं." मला राग आला. अंगात ताप, पोटात अन्नाचा कण नाही, आणि ह्या बाईला सात-आठ वर्षांपूर्वीचं काय राहून गेलं ते आठवून राहिलं. आता वाटतं, तेव्हा गप्प बसून ऐकलं असतं तर ती आणखी काही बोलली असती.

वच्छला माझी थोरली बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि माझ्याहून दुपटीनं हुशार. हे मी मोठेपणानं सांगत नाही, आमच्या शाळेतले मास्तर बाबांना तसंच सांगायचे. आखाडा बाळापूरच्या पलीकडं आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर कळमनुरी गाठायची, आणि राहायचं कुठं? आत्या कळमनुरीतच होती, पण तिचं घर म्हणजे एक खोली. त्यात ती, तिचे मालक, सासू आणि दोन तरणे दीर. जिनिंगवर हमाली करणारी साधी माणसं ती, पण बाबा म्हणाले, वयात आलेली पोरगी मी तिथं ठेवणार न्हाई. आत्यालाही ते पटलं. तिचा डोळा होता तो वस्तीतल्या आमच्या समाजाच्या मंडळाच्या इमारतीवर. पुढं सभेचा हॉल आणि मागं एक खोली. त्या खोलीत काय, तर जयंतीच्या मिरवणुकीचा भोंगा, सतरंज्या आणि मंडपाचं कापड. वर्षातून दोनदा उघडायची ती. आत्याचं म्हणणं एवढंच, की ती खोली खेड्यातल्या पोरींना राहायला द्या, आमच्या लेकी शिकतील.

आता आमच्या मंडळाची वार्षिक सभा कशी चालायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यात, जयंती पार पडली की एका रविवारी दुपारी सभा. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, मग मिरवणुकीत कोणाची बैलजोडी पुढं होती आणि काहून होती यावर तासभर वाद. शेवटचा विषय ठरलेला, 'अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय.' अध्यक्ष आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, भला माणूस. त्यांनी तो शेवटचा विषय मोठ्यानं वाचला की तीच चहाची खूण. मागच्या दारानं चहा आत यायचा, माणसं उठायची, पाय मोकळे करायची, खेड्याहून आलेली एस.टी.कडं निघायची, आणि आयत्या वेळचा विषय तिथंच मरायचा. कोणी मुद्दाम करत नसे. रीतच तशी पडलेली. आणि चहा करायची कोण, तर आमची आत्या! इमारतीच्या बांधकामाला ज्यानं वाळू वाहिली तो सभासद, हा गुरुजींचाच नियम, त्यामुळं ती रीतसर सभासद होती. पण सभेत तिची जागा म्हणजे मागच्या दाराबाहेरची चूल.

पहिल्या साली ती चहाचं ताट हातात घेऊनच बोलली. मी नव्हते, वच्छी होती. तिनं मला नंतर सगळं नक्कल करून दाखवलं. आत्या एकेकाच्या हातात कपबशी देऊन राहिली आणि बोलून राहिली, खोली रिकामी हाय, पोरी घरी बसून हायेत. माणसं फुंकर घालून चहा प्यायली. एकानं साखर कमी पडली म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, गिरजाबाई, चांगला विषय आहे, बघू. वच्छी नक्कल करताना हसत होती. तिला वाटलं एका सालाचा तर प्रश्न आहे.

ते साल दुष्काळाचं निघालं. वच्छी बाबांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर बसून ती माझं सहावीचं पुस्तक वाचायची, मला गणितं समजावायची. हाताला फोड आलेले, त्याच हातानं मातीत आकडे काढायची. बाबांना स्थळं येत होती. त्यांनी आत्याला शब्द दिला की पुढच्या सभेपर्यंत थांबतो, खोली मिळाली तर पोरगी शिकंल, न्हाई मिळाली तर मला दोष देऊ नको.

म्हणून दुसऱ्या साली आत्या आधीच गुरुजींकडं गेली. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या म्हणाली. गुरुजी म्हणाले, घरचाच विषय आहे बाई, आयत्या वेळच्यात घेऊ. तिनं त्या दिवशी चूल शेजारणीला सांभाळायला दिली, स्वतः दारात उभी राहिली, पदर खोचून, तयारीनं. साखर मिळत नव्हती म्हणून गुळाचा चहा होता. गुरुजींनी शेवटचा विषय वाचला, आणि शेजारीण बिचारी, तिला सवयच तशी, ताट घेऊन सरळ आत शिरली. आत्या "थांब थांब" म्हणेपर्यंत माणसं उठलेली. बाबा त्या सभेत बसलेले होते. खोलीची सगळ्यात जास्त गरज त्यांना होती, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. कप हातात आला तो त्यांनी घेतला, प्यायला, आणि एस.टी.ला लागले. घरी येऊन आईला म्हणाले, जमलं न्हाई. त्याच महिन्यात वच्छीचं लग्न झालं. ती रडली नाही. माझ्या पुस्तकाला तिनं जुन्या कागदाचं कव्हर घालून दिलं आणि गेली.

तिसऱ्या साली मी सातवी पास झाले होते आणि हट्टानं बाबांबरोबर सभेला गेले होते. खिडकीशी बायकांत बसले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. गुरुजींनी शेवटचा विषय वाचला आणि चष्मा काढून मागच्या दाराकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. दारातून आत्या आली, रिकाम्या हातानं, आणि माणसांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसली.

"गिरजाबाई, चहा?" गुरुजींनी विचारलं.

"चूल पेटवली न्हाई."

"काहून?"

"विषय झाला की पेटवते."

उन्हाळ्यातली दुपार, वर तापलेले पत्रे, आणि चहाशिवाय बसलेली ती माणसं! त्यांना उठताही येईना. चहा न घेता सभा मोडायची रीतच नव्हती ना. मग नाइलाजानं बोलायला लागली आणि एकदा बोलायला लागल्यावर सगळं बाहेर आलं. पोरींची जबाबदारी कोणी घ्यायची? वस्तीत काही भलतंसलतं झालं तर? मंडळाचं नाव जाईल. आणि भोंगा कुठं ठेवायचा? आत्या एकेकाचं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भोंगा माझ्या घरी ठेवते. अन् पोरींच्या दाराला पाठ लावून मी निजते. माझ्या अंगावरून जायची कोणाची छाती हाय?" कोणाची नव्हती. विषय मंजूर झाला, आणि मग तिनं उठून चूल पेटवली.

आम्ही चार पोरी त्या खोलीत राहिलो. आत्या रोज घरचं आटोपून यायची, दार लावायची आणि उंबऱ्याच्या आत घोंगडी टाकून दाराला पाठ लावून झोपायची. थंडीत फटीतून वारा यायचा तो सगळा तिच्या पाठीला. मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, नोकरीला लागले. माझ्या मागून आणखी पोरी आल्या. लोक आता आत्याचं नाव काढायला लागले होते, पण तिला ते सोसत नसे. मी पास झाल्याचे पेढे घेऊन गेले तेव्हा तिनं पेढा हातात धरला आणि म्हणाली, "चूल न पेटवायची अक्कल मला पयल्याच साली यायला पायजे होती." वच्छीला तेव्हा कडेवर पोरगी होती आणि कपाळावर टाके होते. नवरा पिऊन मारायचा. दोनदा ती माहेरी आली, दोनदा बाबांनी समजूत घालून परत पोचवली. माझ्या पगाराचं घरात कौतुक होत असे त्याच दिवसांत हे चाललेलं होतं. मला ते पेढे, ते कौतुक नको नको व्हायचं.

माती झाली त्या दिवशी आत्याच्या घरात गेले तर वळकट्यांवर तो भोंगा तसाच. दरवर्षी जयंतीला जायचा आणि परत यायचा. तिच्या सासूबाई पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत होत्या.

परवा मंडळाची वार्षिक सभा झाली. सुरुवातीला दुखवट्याचा ठराव, सगळे उभे राहिले. गुरुजी आता थकलेत. मग इतिवृत्त, जमाखर्च, बैलजोडी. मला त्या बैलजोडीचा इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. शेवटचा विषय वाचला गेला आणि मागच्या बाजूला हालचाल झाली. खोलीतल्या पोरी चहाच्या तयारीला लागलेल्या. तेवढ्यात वच्छी उभी राहिली. पोरगी तिच्या पदराला धरून. परत आली होती, आठ दिवसांपासून आमच्याकडं होती, आणि बाबा तिसऱ्यांदा समजूत घालायच्या बेतात होते. तिनं सांगितलं, मला खोलीत राहायचं आहे, बाहेरून मॅट्रिकला बसायचं आहे. सभेत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, ती शाळेच्या पोरींची खोली हाय. कोणी म्हणालं, नवरा येऊन दारात तमाशा करंल. गुरुजी हळूच म्हणाले, "वच्छला, खोलीत जागाच नाही बाई. पोरी दाटीनं राहतात."

"आत्याची जागा रिकामी हाय," वच्छी म्हणाली. "दारापाशी कोणी तरी निजायलाच पायजे ना."

गुरुजींनी सवयीनं मागच्या दाराकडं बघितलं. दारात एक पोरगी काड्याची पेटी घेऊन उभी होती. मी उठणार होते, पण माझ्या आधी बाबा उठले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. ते त्या पोरीला म्हणाले, "थांब लेकरा. पेटवू नको. विषय व्हायचाय."

विषय व्हायला संध्याकाळ झाली. कोणी मनापासून हो म्हटलं, कोणी माना खाली घालून. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत राहू द्यायचं ठरलं. त्यानंतर काय, मला माहीत नाही. तिचा नवरा येणार हे मात्र नक्की आहे, आणि मी माझ्या शाळेच्या गावी बसून त्याच काळजीत हे लिहून राहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीवरून एस.टी.ला निघाले तर वच्छीनं मला थांबवलं. म्हणाली, बाहेर जा आणि दार लोट. मी बाहेर गेले. आतून घोंगडी झटकल्याचा आवाज आला, मग वच्छी दाराला टेकल्याचा. मी दार लोटलं. बोटभर हललं आणि थांबलं. मी अंगाचा भार देऊन पुन्हा लोटलं.

"उघडलं का?" तिनं आतून विचारलं.

मी म्हटलं, "न्हाई."