जन्मस्थळ ओहायो, मुक्काम गाझियाबाद

सकाळची वेळ म्हणजे आमच्याकडे नुसती धांदल. ह्यांचा डबा अर्धा भरलेला, गॅसवर पोहे, आणि तेवढ्यात दारावर टकटक. बेल असताना दार वाजवणारं माणूस आमच्या सोसायटीत एकच: वरच्या मजल्यावरच्या सरलाकाकू. बेल दाबली की वीज जळते, आणि तीही दुसऱ्याची, असं त्यांचं म्हणणं.

दार उघडलं, तर जानेवारीच्या त्या धुक्यात काकू शालसुद्धा न घेता उतरून आलेल्या.

"अगं, तू बीकॉम ना?"

"हो काकू, पण त्याला आता..."

"माणूस भ्रमिष्ट झालाय हे बँकेला कसं कळवतात?"

"कोण माणूस?"

"मी."

ह्यांनी अर्धा भरलेला डबा तसाच उचलला आणि ऑफिस गाठलं. बँकेचा विषय निघाला की आमच्या घरात पुरुषमंडळी अशीच तत्पर होतात.

काकूंना खुर्चीत बसवलं, पोह्यांची बशी हातात दिली. खरं तर भ्रमिष्ट सोडाच, सोसायटीत कोणाच्या घरी किती वाजता दिवा मालवतो हे काकूंना वॉचमनपेक्षा जास्त ठाऊक. त्यांचा एकच हळवा कोपरा, तो म्हणजे अमेरिका. त्यांचे यजमान दिनकरकाका सरकारी इंजिनियर. तरुणपणी त्यांना खात्याने वर्षभर ट्रेनिंगला ओहायोत पाठवलं, काकूही गेल्या, आणि तिथेच ऐन बर्फात देविका झाली. ती मान धरायला लागली तोवर मंडळी परत दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यानंतर घरातलं कोणी तिकडे फिरकलेलं नाही. काका गेले, क्वार्टर सुटलं, गाझियाबाद आलं, पण काकूंनी अमेरिका काही सोडली नाही. "बाळंतिणीला बर्फाचं पाणी दिलं गं मेल्यांनी!" ही गोष्ट सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकीला ऐकावी लागते. सुरू होताना तिच्यात संताप असतो, संपेपर्यंत त्याचा अभिमान झालेला असतो. हळदीकुंकवाला ओळख करून देतानाही, "ही आमची देविका. जन्माने अमेरिकन." आणि ती अमेरिकन त्या वेळी खाली ठेल्यावर भांडत असते, "भैया, धनिया तो फ्री में डालो, रोज़ का है अपना!"

"झालं काय, ते तरी सांगा," मी म्हटलं.

झालं होतं असं. आपल्या लेकीच्या, अबोलीच्या कॉलेजसाठी दर महिन्याला म्युच्युअल फंडात थोडे थोडे टाकायचे, असं देविकाने ठरवलं. काल बँकेची एक मुलगी टॅब घेऊन घरी आली. देविका चहा ठेवायला आत गेली आणि मुलीने विचारलं, "प्लेस ऑफ बर्थ?" दिवाणावरून काकू कडाडल्या, "अमेरिका! ओहायो!" वर बर्फाचं पाणीही ऐकवलं.

"तिचं बोट तिथेच थांबलं गं. म्हणाली, मॅडम यूएस पर्सन हैं? फिर ये फंड नहीं हो पाएगा. आजवर ही गोष्ट ऐकून कोणी उठून गेलं नव्हतं. पोरगी चहासुद्धा न पिता गेली. माझ्या जिभेने नातीचं कॉलेज घालवलं! म्हणून म्हणते, म्हातारीला भ्रम झालाय असं लिहून दे."

एवढ्यात काकूंची शाल घेऊन देविकाच दारात.

"आई! सकाळी सकाळी मीटिंग लावलीस? आणि वहिनी, तुम्ही हिला पोहे खायला घालताय, बिल्कुल ऐकणार नाही ही आता." तिने शाल आईच्या अंगावर टाकली. "तू गप्प बसली असतीस तरी मी तेच सांगितलं असतं. पासपोर्टवर छापलंय माझ्या."

आपला गुन्हा इतका किरकोळ निघालेला पाहून काकू जराशा खट्टूच झाल्या.

"पण एवढ्या मोठ्या देशाला तुझ्या चार पैशांचं काय गं?"

"तिथे जन्मला तो त्यांचा, यार. आणि त्यांचा माणूस कुठेही राहो, त्याचा हिशेब त्यांना हवा. जगभरच्या बँकांना सांगून ठेवलंय, आमची माणसं शोधा आणि कळवा. न कळवणाऱ्या बँकेला तिकडून येणारे पैसे तीस टक्के कापूनच मिळणार. मग कित्येक फंडवाले म्हणतात, ही ब्यादच नको."

"म्हणजे इतकी वर्षं एक पत्र नाही, आणि आता थेट हिशेब," मी म्हटलं. "सासरच झालं की गं हे!"

देविका हसली. काकू हसल्या नाहीत.

"मग आता?"

"दोन रस्ते. एक, दर वर्षी तिकडचं टॅक्स रिटर्न भरत बसायचं, आणि तरी हा फंड मिळणार नाहीच. नाहीतर मागचे हिशेब पुरे करायचे आणि त्यांच्या वकिलातीत जाऊन नागरिकत्व सोडायचं. मी सोडणार आहे, आई. रात्रीच ठरवलं. अबोलीच्या कॉलेजला आता फार वर्षं नाहीत."

मला वाटलं, आता काकू उसळणार. पण त्यांनी बशी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत राहिल्या. भ्रमिष्ट ठरण्याची त्यांची तयारी होती. या गोष्टीची नव्हती.

"म्हणजे तू तिथे झालीसच नाहीस, असं?"

"असं कसं? जन्म कोण काढून घेतंय? फक्त नागरिकत्व जातं."

"लोकांना काय सांगू मी?"

"तेच सांग ना, बर्फाचं पाणी. त्यावर टॅक्स नाही."

यावर मात्र काकूंच्या ओठाचा कोपरा हलला. मी चहा ओतला. तो त्यांनी अर्धा होईपर्यंत प्यायला, मग लेकीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे गं. पोरीच्या शिक्षणापुढे काय ते! सोडू दे."

"मग झालं तर," देविका म्हणाली.

"एक आहे." आता त्या तिच्याकडे वळल्या. "ते मिळालं तेव्हा तुला काही कळत नव्हतं. मला कळत होतं. सोडायला जाशील तेव्हा मला बरोबर ने. आत नाही घेतलं तर मी बाहेर बसेन."