टोचनाचा दोर

आज सकाळी व्हॅनचं दार उघडलं आणि ब्रेक ऑइलचा उग्र वास आला. क्लचखालची मॅट ओली होती. मला दसऱ्यानंतरची ती सकाळ आठवली.

आदल्या दिवशी पूजेत नारळाचं पाणी गाडीत शिंपडलेलं, त्यामुळे मॅट ओली दिसली तरी कुणाला काही वाटलं नाही. एकलहऱ्याहून सिन्नरच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका रोजच्यासारख्या माझ्या व्हॅनमध्ये मागे बसल्या, मी क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर येईना.

"क्लच प्लेट जाळली ना, वहिनी! बाईमाणसाचं काम नाय हे," अंगणातून दीर म्हणाले. "गाडी विकून टाका."

मी मॅट नाकाशी धरली. "प्लेट नाय जळली, भाऊजी. क्लचचं ब्रेक ऑइल गळालंय."

तेल भरलं, तरी पेडल मेलेलंच. मागून शांताबाई म्हणाली, "कारखान्याचं गेट बंद होईल गं." मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तशीच चावी फिरवली. गचके खात व्हॅन निघाली.

मी कुठे बंद पडते ते बघायला दीर त्यांच्या पिकअपमध्ये टोचनाचा, बंद गाडी ओढायचा दोर टाकून मागे आले. मोहदरीच्या घाटात ते आरशात दिसत होते. इंजिनच्या आवाजावर कान ठेवून मी क्लचशिवाय गिअर बदलत राहिले.

गेटवर बायका उतरल्या. मी पिकअपमधला दोर उचलला.

"तो कशाला, वहिनी?"

"तुमच्या काय कामाचा आता?"

तेव्हा घाटात गाडी रेटली ती रागानं, असंच मी धरून चालले होते. आता कळतं, भीती होती ती. असू दे. थांबले तर नाही.

मघाशी मॅट धुतली आणि त्याच दोरावर वाळत घातली.