बियाण्याच्या दुकानातली जीप

सुरू केलेलं काम अर्धवट टाकणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण पूर्ण झालेलं काम पुन्हा अर्धवट करण्यात आमच्या डोणगावच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात निघायचा नाही. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, त्या सगळ्या काळात खाली एक जुनी जीप तयार होत होती. म्हणजे ती तयार व्हायची, घरमालक तिच्याभोवती एक फेरी मारायचे, कपाळाला आठी घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी चहाला खाली उतरावं तर इंजिन फरशीवर, चाकं भिंतीशी टेकलेली आणि घरमालकांचे दोन पाय तेवढे चेसिसखालून बाहेर. माझं बहुतेक बोलणं त्या पायांशीच झालं. राग आला की उजवा अंगठा ताठ व्हायचा. विषय नको असला की दोन्ही पाय हळूहळू आत ओढले जायचे, आणि मग समोर नुसती जीप उरायची.

ही जीप जिथं उभी होती ती जागा मुळात कृषी केंद्र, म्हणजे बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान. धंदा बंद झाला होता, पण दुकान जागच्या जागी होतं. फुलकोबीएवढं कपाशीचं बोंड छातीशी धरून एक शेतकरी भिंतीवरच्या जाहिरातीत हसत होता; त्याच्या फेट्यात खिळा ठोकून घरमालकांनी फॅनबेल्ट अडकवला होता. बियाण्याच्या पिशव्या टांगायच्या आकड्यांना नट आवळायचे पाने लटकत. खताच्या वजनकाट्यावर गियर वाळत पडलेले असत. पाठीवर घ्यायच्या फवारणीच्या पंपात रॉकेल भरून ते इंजिन धुवायचे, आणि मी स्पष्टच लिहिते, आमच्या भागात त्या पंपाचा कुणाच्या पोटात विष न जाता झालेला उपयोग मी तेवढा एकच पाहिला.

जीप चारही चाकांना ओढ देणारी, लष्कराच्या लिलावातून सुटलेली. पुढं ती कुठल्याशा सरकारी खात्यात राबली, मग एका दूधवाल्यानं तिला पिटाळली, आणि शेवटी विहिरी खोदणाऱ्या एका ठेकेदारानं बाभळीखाली सोडून दिली. घरमालक पाहायला गेले तेव्हा बोनेटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. सौदा झाला, पण पिल्लं निघेपर्यंत ह्यांनी जीप हलवू दिली नाही. रोज जाऊन कोंबडीची खुशाली विचारून यायचे. मग ट्रॅक्टरनं ओढून गाडी डोणगावात आणली. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे अजून सोसत नाही. "मले पाहाले आले होते," त्या म्हणायच्या, "तवा चहा होयेपर्यंत बी थांबले नाई."

घरमालकांना वस्तू असली लागायची. आता आमचा सगळा मुलूखच नकलीवर चाललेला. औषध नकली, खत नकली, बारावीच्या परीक्षेतला विद्यार्थीसुद्धा कधीकधी नकली. ह्या मुलखात हा माणूस अर्ध्या शतकापूर्वीच्या जीपला मूळ बनावटीचाच बुश, एवढंसं धातूचं कडं, हवा म्हणून खामगाव-अकोला पालथं घालायचा. सुटे भाग विकणारा पुडी पुढं करायचा, आणि हे आतल्या वस्तूकडं न बघता आधी पुडीची कड बघायचे. उजेडात धरायचे, नखानं चाचपायचे. कड पसंत पडली नाही तर वस्तू बघायच्या आतच परत. नांदुऱ्याला काकूंच्या भाचीच्या लग्नात ते पंगतीत बसलेले असताना त्यांना रस्त्यापलीकडच्या भंगारात एक स्टिअरिंग दिसलं. पानात बुंदी तशीच सोडून गेले. आले ते वरात निघायच्या वेळी, पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे पंजे उमटवून. लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागं अक्षता टाकणारे पाहुणे आहेत आणि मधोमध स्टिअरिंग पोटाशी धरून आमचे घरमालक. नवरीकडची मंडळी अजून समजतात की हा आहेर होता आणि तो ह्यांनी परत नेला.

मला ते 'पत्रकबाई' म्हणायचे. मी शेतकऱ्यांच्या संघटनेचं काम करायची. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहायची, छापायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची. उरलेल्या पत्रकांना ते हात पुसायचे. मी भांडले. त्यावर त्यांचं म्हणणं असं की वाचल्याशिवाय एकही पुसलेलं नाही. ते खरं होतं. चष्मा लावून, ओठ हलवत, शेवटच्या 'प्रसिद्धीसाठी' पर्यंत वाचायचे आणि मग शांतपणे क्लचप्लेट पुसायचे. एकदा म्हणाले, "तुया पत्रकात सारे चोर हायेत, पत्रकबाई. पन चोराच्या दुकानाची पायरी कोन चढलं, ते नाई लिहलं तू." मला वाटलं, टोमणा मला आहे.

दुकान का बंद पडलं ते मला तूर निवडता निवडता काकूंनी सांगितलं. मी खोली घेतली तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्या वर्षी सगळ्यांना एकाच वाणाचं बीटी कपाशीचं बी हवं होतं. का हवं होतं, ते भिंतीवरच्या फुलकोबीला विचारा. बियाणं कमी आणि माणसं जास्त. उजाडायच्या आत दुकानापासून एसटी थांब्यापर्यंत रांग लागायची. पाय दुखले की माणसं रांगेत चपला ठेवून सावलीला जायची, आणि चपलांवरून मारामाऱ्या व्हायच्या. पोलिस काठ्या घेऊन उभे. अशात एके दिवशी रेल्वेलाइनीकडच्या एका वितरकानं मागच्या दारानं माल पाठवला. दिवस मावळायच्या आत सगळा खपला. कपाशी अशी वाढली की बाई आत शिरली तर दिसेना. नुसतं हिरवंगार, बोंड मात्र हुडकून काढावं लागे. आजूबाजूच्या गावांनी तक्रारी केल्या तेव्हा वितरक आधी म्हणाला पाऊस जास्त झाला, मग म्हणाला फवारणी चुकली, आणि शेवटी म्हणाला की त्या पिशव्या आपल्या नव्हत्याच. ह्या तक्रारी आमच्या संघटनेनं बियाण्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या मेहकरच्या सरकारी समितीपुढं नेल्या होत्या, आणि तिथं त्या अडकून पडल्या होत्या. पिशव्या त्याच्याकडूनच आल्या हे सांगू शकेल असा सगळ्या तालुक्यात एकच माणूस होता. तो खाली जीपच्या पोटाखाली आडवा पडलेला होता.

मी त्याच पायांनी खाली उतरले आणि त्यांच्या पायांना विचारलं. समितीपुढं याल का, बोलाल का. पाय आत गेले. बराच वेळ पान्याचा आवाज आला. मग आतूनच उत्तर आलं: "गाडी झाली की येतो. मेहकरले याच गाडीत येईन, आन् सारं सांगीन."

झालं. त्या दिवसापासून आमच्या संघटनेनं जीप दुरुस्तीला वाहून घेतलं. सरकारी धोरणाचा निषेध करून झाला की बैठकीत मागच्या अॅक्सलचा विषय निघायचा. आमचा एक कार्यकर्ता जिल्ह्याच्या मोर्चाला गेला आणि घोषणा देता देता रस्त्याकडेच्या गॅरेजातून हेडलाइटची काच मिळवून आला. तक्रारदारही येऊ लागले. शरीफभाई गादीवाले, त्यांच्या शेतातही तेच बियाणं पडलं होतं, त्यांनी ताडपत्रीचं हूड शिवून दिलं, वर म्हणाले, "साक्ष द्या दुकानदार, सोफा बी शिवून देतो." ज्यांची कपाशी ह्या दुकानानं वांझ केली तीच माणसं ह्याच दुकानात उकिडवी बसून बोल्ट घासत होती. घरमालक त्यांच्याकडं मान वर करून बघत नसत. पाना शेजारच्याच माणसाच्या हातात असला तरी आतून काकूंना हाक मारून त्यांच्याकडून मागवायचे.

सुमनबाई सगळ्यात परखड. एकटीनं शेत वाहणारी बाई. जयंतीच्या कमानीचा उरलेला निळा रंग तिनं डब्यातून आणला आणि गाडी रंगवून टाका म्हणाली, एकदाची होऊ द्या. घरमालकांनी झाकण उघडून बघितलं आणि नाक मुरडलं. लष्करी हिरवाच पाहिजे, हा असली नाही.

"रंगाले काय असली-नकली, दुकानदार," सुमनबाई म्हणाली. "ते बियान्याले असते."

दुसऱ्या दिवशी गियर बॉक्स खाली होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी नारळ आणला, धुरानं फुलकोबीवाला शेतकरी दिसेनासा झाला. समितीची तारीख जवळ आली होती आणि मी मनातल्या मनात विजयाचं पत्रक लिहीत होते. घरमालक कान टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, आवाज बरोबर नाही. इंजिन उतरलं. ती तारीख गेली. पुढच्या वेळी ब्रेक बरोबर नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी सगळं बरोबर होतं, तेव्हा त्यांनी ते बरोबर कसं झालं हे बघायला खोललं.

मग माझी सटकली. मी चेसिसपाशी खाली बसून सांगितलं की काका, ही गाडी तुम्हाला होऊच द्यायची नाही. गाडी झाली तर मेहकरला जावं लागेल म्हणून तुम्ही ती खोलता. तिकडं माणसं वाट बघतायत आणि तुम्ही बुश घासत बसलात, ह्याला मी भित्रेपणा म्हणते. असं बरंच बोलले. पत्रकात छापण्याजोगं होतं सगळं. पाय आत गेले नाहीत. उलट हळूहळू बाहेर आले, मागोमाग गुडघे, पोट, आणि सगळा माणूस उठून माझ्यासमोर बसला. तो एवढा म्हातारा असेल असं मला पायांवरून वाटलं नव्हतं.

"सील वाकडं होतं, पोरी," ते म्हणाले. "पिशवीची कड. घरी इस्त्री फिरवून चिकटवल्यावानी. पयली पिशवी हाती घेतली तवाच दिसलं मले. मंग बी इकली. साऱ्या इकल्या."

काकू दारात उभ्या होत्या. त्या मला माडीच्या जिन्यापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, आता त्यांना काही बोलू नको. बोललीस तर जाणार नाहीत.

तारखेच्या दिवशी जीप जोडलेली होती, पण इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातली रबरी चकती फाटली होती आणि असली चकती पुण्याहून यायची होती. मी बॅग घेऊन एसटीला निघाले. शटरपाशी बघते तो घरमालक काकूंच्या कात्रीनं सायकलच्या ट्यूबमधून एक गोल कापत होते. कडू औषध घेताना करतो तसं तोंड करून त्यांनी तो गोल पंपात बसवला, झाकण आवळलं आणि मला म्हणाले, बस. त्या काळ्या रबराच्या गोलावर आम्ही मेहकरला पोचलो.

समितीपुढं ते उभे राहिले आणि थोडक्यात सगळं सांगितलं. माल कुणी पाठवला, कसा पाठवला, सील वाकडं होतं, मला दिसलं होतं. मागं बसलेल्या तक्रारदारांत सुमनबाई होती, शरीफभाई होते. वितरकाच्या वकिलानं चष्मा पुसला. त्यानं गोड आवाजात विचारलं, म्हणजे खोटं आहे हे माहीत असून तुम्ही विकलंत? घरमालक म्हणाले, हाव. आणि माल ह्यांच्याकडून आला ह्याला पुरावा काय? घरमालक म्हणाले, "मी सांगून राह्यलो ना."

समितीच्या साहेबांनी कारकुनाला मजकूर सांगितला. विक्रेत्यानं गुन्हा कबूल केला. विक्रेत्यावर कारवाई प्रस्तावित. माल कुठून आला ते सिद्ध होत नाही. झाली सुनावणी. एका माणसानं आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि ह्या व्यवस्थेनं ते उचलून त्याच्याच गळ्यात बांधलं. वितरक बाहेर आला, जीपच्या बोनेटवर थाप मारून म्हणाला, गाडी झकास केली हो, विकता का? मी घोषणा दिली. पाठीमागून कुणी ओ दिली नाही. लोक एसटीच्या वेळा विचारत होते.

एसटी भरून गेली होती. घरमालक जीपपाशी उभे राहून चावीशी खेळत होते. शेवटी जमिनीकडं बघत त्यांनी विचारलं की कोणाला डोणगावकडं यायचंय का. कुणी पुढं झालं नाही. मग सुमनबाई आली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली.

"सील वाकडं होतं तं तवाच काऊन नाई सांगतलं, दुकानदार?"

"तवा रांग लय मोठी होती, बाई," ते म्हणाले.

ती लुगडं सावरून मागं चढली. शरीफभाई चढले. एकेक करून सगळे चढले, जागा नव्हती तरी. प्रत्येकाच्या फाट्यावर घरमालक न विचारता थांबत. कोण कुठल्या गावचं हे त्यांना पाठ होतं, सगळ्यांना त्यांनीच बियाणं दिलं होतं. माणूस उतरायचा, चप्पल झटकायचा आणि पायवाटेला लागायचा.

सुमनबाई सगळ्यात शेवटी उतरली. ओढ्याकडं चार पावलं गेली आणि परत आली.

"तुमची तारीख लागली का मले सांगजा," ती म्हणाली. "मी येईन."

"तू कायले?"

"रांगेत मी बी होती. सगळ्यात मोठ्यानं मीच वरडत होती, पिशवी दे म्हनून. तेवढं सांगाले."

एवढं बोलून ती गेली. ओढ्यापलीकडं तिचं शेत होतं, आता त्यात तूर होती. घरमालक दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले, आणि ती तुरीआड दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ त्यांनी गाडी पुढं घेतली नाही.