कांबळ्यामागचा आमदार

वार बुधवार, फाल्गुन उतरणीला लागलेला. ठाण्यात हजर: मी, मुंशी, दोन शिपाई आणि बाकावर एक बाई. बाईचे पाय घोट्यांपर्यंत लाल धुळीने माखलेले होते. नोकरीत पुष्कळ सकाळी पाहिल्या. बहुतेक विसरलो. ही मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

साठचे दशक संपत आले होते. भिलाईत पोलाद कारखान्याच्या विस्ताराचे काम जोरात चालू होते. कामगार वसाहतीचे अर्धे सेक्टर वसलेले, अर्धे नुसते चुन्याने जमिनीवर आखलेले. ठाण्याच्या खिडकीतून पाहिले की समोर पळस पेटलेला दिसे आणि त्याच्यामागे भट्ट्यांचा धूर. दोन्हींचा रंग एकमेकांत इतका मिसळे की फूल कुठे संपले आणि आग कुठे सुरू झाली ते सांगता येत नसे. त्या दिवसांत गाव जागे आहे की स्वप्नात आहे, असा प्रश्न माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या माणसालाही पडायचा.

"काय तक्रार आहे?" मी विचारले.

"माहा माणूस हरवला, साहेब."

"काय करतो?"

"आमदार हाय."

मुंशीची लेखणी थांबली.

आमदार हरवणे त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. निवडणुकीनंतर सत्तेतल्या पक्षातले काही सदस्य रुसून बाहेर पडले होते. विरोधातले चार-पाच गट त्यांना येऊन मिळाले आणि राज्यात संयुक्त सरकार उभे राहिले. बहुमत इतके अरुंद, की एखाद्या सदस्याला ताप आला तरी मंत्रिमंडळाच्या घशाला कोरड पडे. चहाच्या टपरीवर लोक बोटांवर सरकार मोजत. आता त्या सरकारची विश्वासाच्या मताची वेळ आली होती, आणि नेमका आमच्या हद्दीतला एक आमदार घरातून निघून राजधानीला पोहोचलाच नव्हता.

बाई भंडाऱ्याकडची, लग्न होऊन इकडच्या मराठी वस्तीच्या खेड्यात आलेली. ते खेडे कारखान्याच्या जमिनीत गेले. लोकांना दूर माळावर नवी वस्ती मिळाली. मी तिला म्हटले, "बाई, दोन्ही पक्षांची माणसे त्यांना शोधताहेत. सापडतील."

ती म्हणाली, "दोनी पक्षाले मत पाह्यजे, साहेब. मले माणूस पाह्यजे. तो सरकारचा हाय का माहा हाय, थे एकदा मले सांगा."

दुपारी एक जीप आली. त्यातल्यांनी सांगितले की विरोधकांनी आमदाराला पळवले आहे. ती जाते न जाते तोच दुसरी आली. त्यातले म्हणाले, सरकार पक्षानेच त्यांना कोंडून ठेवले आहे. वरून बिनतारी निरोप होताच: ताबडतोब शोधा. माझा एक अनुभव आहे. ज्याने माणूस खरोखर पळवला असतो, तो ठाण्यात चहा पीत नाही. या दोन्ही जीपवाल्यांनी चहा घेतला आणि वर आणखी अर्धा कप मागितला. आमदार यांच्यापैकी कोणाकडेच नाही, हे मी तेव्हाच ओळखले.

तरी काम नियमाने केले. विश्रामगृहे पाहिली, कुम्हारीची धर्मशाळा पाहिली, स्टेशनावर माणूस बसवला, नातेवाइकांची घरे विचारली. एक भाचा कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होता. शिपाई त्याच्या क्वार्टरवर जाऊन आला. म्हणाला, "साहेब, दारावर कांबळं टांगलेलं होतं, म्हणून उठवला नाही."

मला त्यात काही वावगे वाटले नाही. सेक्टरमधली ती रीतच होती. रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपतो. त्याच्या दारावर जाड कांबळे टांगले की भाजीवाली क्वार्टरांच्या त्या ओळीत ओरडत नाही आणि पोरे खेळायला दुसऱ्या ओळीत जातात. कोणी कडी वाजवत नाही. भट्टीपुढून आलेल्या माणसाची झोप सगळी ओळ राखते. माझा शिपाईही क्वार्टरमध्येच राहणारा. तो दारूनच नमस्कार केल्यासारखा परत फिरला होता.

एक-दोन दिवसांनी त्याच ओळीतली एक बाई तक्रार घेऊन आली. आमदाराची नव्हे, शेजाऱ्याची.

"साहेब, त्या कोक ओव्हनवाल्याले समजावून द्या. आमची पोरं मुक्यावानी खेळून राहिली. कांबळं काही उतरून नाही राहिलं."

"रात्रपाळी असेल त्याची."

"होती ना, मागच्या हप्त्यात होती! आता पाळी बदलली. सकाळच्या भोंग्याच्या आंधी सायकल घेऊन जाते थो. मी सोता पाह्यते." तिने पदर सावरला. "एकटा माणूस, ना बायको ना पोर. थो तिकडं कामावर, मंग इकडं झोपते कोन?"

मुंशी माझ्याकडे पाहू लागला. मी टोपी घेतली.

भाच्याला त्याची पाळी सुटल्यावर फाटकावरच गाठले. तोंडावर कोळशाची काजळी, डोळे तेवढे पांढरे.

"कांबळं कशासाठी?"

"मच्छर हायेत, साहेब."

"दिवसा?"

"आमच्या सेक्टरचे मच्छर जनरल शिफ्टले येतेत, साहेब."

शिपाई हसला. मी हसलो नाही. चौकशीत कोणी विनोद केला की मी त्याला रागावत नाही, गप्प बसतो. विनोदानंतरची शांतता फार थोड्यांना पेलते. तोही सायकलची घंटी उगाच चाचपत राहिला. मग म्हणाला, "मामाले मी डांबलं नाही. मामाच म्हणे, मले कुठंतरी झोपू दे."

कांबळे बाजूला करून आत गेलो, ती संध्याकाळ होती. खोलीत अंधार होता, पण काळा नव्हता. कांबळ्याच्या विणीतून भट्टीचा तांबूस उजेड गाळून येत होता आणि भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. त्या उजेडात खाटेवर एक धिप्पाड माणूस उताणा झोपलेला. क्षणभर मला वाटले, मी तळ्याच्या तळाशी उभा आहे.

त्यांनी डोळे उघडले. वर्दी पाहिली. दचकले नाहीत.

"सरकार पडलं का?"

"अजून नाही."

"मंग अजून थोडं झोपू द्या."

मी खाली चटईवर बसलो. जबाब घ्यायचा होता. कोणी आणले, धमकी दिली का, आमिष दाखवले का, असे माझे प्रश्न ठरलेले असतात. त्यांनी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देताना बाकीचे संपवून टाकले.

"साहेब, आमचं गाव कारखान्याखाली गेलं. गावासंगं तळंबी गेलं. नव्या वस्तीत एक विहीर हाय, उन्हाळ्यात थे बी डोळे मिटते. ह्या नव्या सरकारवाल्यानं सांगतलं, आमच्याकडं ये, वस्तीले तळं देतो. मी गेलो. ओव्हरशिअर आला, खुट्या ठोकल्या, चुना टाकला. आता म्हणतेत, आंधी मत दे, मंग खोदू. अन् तिकडचे म्हणतेत, हे सरकार पाड, तळं आमी खोदतो. तळ्यासाठी इकडं आलो, तळ्यासाठीच तिकडं बोलावून राहिले. चुकीच्या बाजूनं हात वर गेला, तर वस्तीले तोंड कसं दाखवू?"

"म्हणून इथे?"

"इथं झोप लागते. झोपलो का जुनं तळं दिसते. त्याच्यावर हे चिमणे उभे हायेत ना," त्यांनी भिंतीपलीकडच्या धुरांड्यांकडे हात केला, "थे पान्यात उलटे दिसतेत. म्हशी त्याईच्या मधून पवतेत. कोनी मले विचारत नाही, तू कोनाकडचा."

मी लिहून घेतले: स्वमर्जीने राहिलो, कोणाचा दबाव नाही. म्हशींचे लिहिले नाही.

सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने झोपला असेल तर तो गुन्हा होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात आणून पत्नीसमोर उभे केले. मला वाटले, ती रडेल. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तब्येत भरली तुमची."

"झोप झाली."

"आमी तिकडं रातच्याले विहिरीवर नंबर लावतो, अन् तुमी इथं तळ्याचं सपन पाहून राहिले. झोपून तळं खोदल्या जाते का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "जा. कोनत्याबी बाजूनं टाका, पन मत टाका. चुकलं तर मी सांगीन वस्तीले, मी धाडलं म्हनून."

आमदारांनी मान डोलावली. मी त्यांना जीपमधून दुर्ग स्टेशनावर पोहोचवले. पत्नीही आली, दशम्यांचे गाठोडे घेऊन. उन्हात रूळ पाण्यासारखे लवलवत होते. गाडी यायची होती. चहाच्या दुकानातला रेडिओ बातम्या देत होता. भोवती लोक एकदम गोळा झाले आणि कोणीतरी ओरडले, "गेलं सरकार!"

काही सदस्य आदल्या दिवशीच फुटले होते. मत घ्यायची वेळच आली नाही, राजीनामा आधी झाला. ज्या एका हातासाठी दोन जीप फिरल्या, तो हात फलाटावर दशम्यांचे गाठोडे धरून उभा होता.

आमदारांनी गाठोडे पत्नीच्या हातात परत दिले. मग म्हणाले, "कोनत्या बाजूनं टाकनार होतो, थे आताच ठरवलं होतं." कोणत्या, ते मी विचारले नाही. तो माझ्या तपासाचा भाग नव्हता.

पुढे दुसरे सरकार आले. त्याच्यापुढे आधीच्यांनी केलेली तळ्याची आखणी कोण ठेवणार? आमदार पुन्हा उभे राहिले नाहीत. मी तोवर एवढेच शिकलो होतो की हरवलेल्या माणसाचा तपास घेताना त्याचे शत्रू कोण ते विचारावे. या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: याला कोणी काय कबूल केले होते? पुष्कळ माणसे त्या उत्तराच्या आसपास सापडली.

त्या दिवशी फलाटावरून परतताना आमदार जीपमध्ये पुढे बसले होते आणि बाई मागे. उतरताना मी म्हटले, "मिळाला ना तुमचा माणूस? आता कागदावर अंगठा द्या, प्रकरण मिटवतो."

तिने अंगठा दिला आणि म्हणाली, "माणूस शोधून देल्ला, साहेब. आता तळं बी शोधून द्या."

निवृत्त झाल्यावर मी त्या वस्तीवर जाऊन आलो. आमदार आता हयात नाहीत. बाई आहे. चुना पहिल्याच पावसात वाहून गेला होता. खुंट्या शाबूत आहेत. बाया त्यांना शेळ्या बांधतात, आणि त्या खुंट्यांच्या आत कोणी घर बांधू देत नाही. खोदकाम बाकी आहे.