इडलीपात्रातलं इंजिन

कौमुदीला स्वस्थ बसता येत नाही. चहा गाळतानाही तिचा एक पाय हलत असतो. उमाकांत आणि अलका यांची ही एकुलती एक मुलगी. वडील बँकेत, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं. भोपाळला तिची सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली. रांचीला मांजर मागे राहिलं. जयपूरला ती कॉलेज संपवून झालाना भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसू लागली, आणि एका रविवारी जुनी, चार सिलिंडरची मोटरसायकल घेऊन आली. मानसरोवर भागातल्या त्यांच्या भाड्याच्या घराचा पोर्च त्या आवाजाने थरथरला.

"ही चालवणार कोण?" अलकाने विचारलं.

"मीच."

"आणि बिघडली तर?"

"दुरुस्तही मीच."

अलकाला वाटलं, पोर गंमत करतेय.

गंमत नव्हती. ऑइल बदलणं, चेन धुणं, ब्रेक उघडणं, सगळं ती पोर्चच्या फरशीवर बसून शिकली. हळदीकुंकवाला गेली तरी नखांत काळं असायचं. अलका बायकांना सांगायची, "मेंदी आहे ती, जरा वेगळी."

पावसाळ्यात इंजिनातून शिलाईमशीनसारखी टिकटिक येऊ लागली. कौमुदीने पेट्रोलची टाकी उतरवली, इंजिनाचं झाकण काढलं. आतल्या सोळा व्हॉल्व्हवर सोळा चकत्या होत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. प्रत्येकीची जाडी किंचित वेगळी. झिजलेल्या दोन-तीन बदलायच्या, बाकीच्या जिथल्या तिथे बसवायच्या. चकती चुकली तरी इंजिन जुळतं, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि वेगात जळून जातो. नव्या चकत्या दिल्लीहून यायच्या, त्या लवकर येईनात. गाडी पोर्चमध्ये उघडीच राहिली, उमाकांतची कार रस्त्यावर गेली. समोरचे भगवानजी रोज फाटकाशी थबकायचे. "बिटिया, ये उड़ेगी कब?"

तेवढ्यात उमाकांतची नाशिकला बदली आली. कौमुदीचं काम घरूनही चालण्यासारखं होतं, ती बरोबर जाणार होती. गाडीचं काय?

"दसऱ्याला सुरू झाली तर सामानाच्या ट्रकमध्ये चढेल," उमाकांत म्हणाला. "नाहीतर इथेच विकायची. हाडं घेऊन मी नाशिकला जाणार नाही."

नव्या चकत्या अष्टमीला आल्या. कौमुदीने त्याच संध्याकाळी जुन्या काढून इडलीपात्रात ठेवल्या. इडलीपात्राच्या चार थाळ्या, दर थाळीत चार खळगे. एक थाळी म्हणजे एक सिलिंडर. लिहून ठेवायची गरजच काय?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. "माझी हत्यारं पण पूजेत ठेव," असं तीच आईला सांगून ऑफिसला गेली होती. दुपारी परतली तेव्हा पाटावर नटबोल्टचे पाने, टॉर्क रेंच, जाडी मोजायचा मायक्रोमीटर ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर हळदकुंकू. मधोमध ताम्हनात सोळा चकत्या, घासून लख्ख, झेंडूच्या पाकळ्यांखाली एकत्र.

कौमुदीचा पाय पहिल्यांदाच हलायचा थांबला.

"आई, तू हे... मतलब, सगळे मिक्स केलेस?"

"अगं, इडलीपात्र कसं ठेवू हत्यारांत? चकत्या तेवढ्या घेतल्या. का, काय झालं?"

झालेलं ऐकून अलका ताम्हनावर वाकून चकत्या निरखू लागली. कौमुदी पोर्चमध्ये गेली, आत आली, परत गेली. कोणतीही चकती बसवून अंतर मोजायचं, पुन्हा सगळं उघडायचं, पुन्हा बसवायचं. काम करता आलं असतं. पण पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. माहेरी सांगलीला अलकाच्या वडिलांनी त्या दिवशी कात्रीसुद्धा उचलू दिली नव्हती.

रस्त्यावरून रिक्षात आडवा घातलेला कागदी रावण गेला. कौमुदीने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मागे घंटी वाजली. अलका पाटावर अक्षता टाकत होती.

"काय करतेस?"

"उत्तरपूजा. गोंधळ मी घातला, देवीशी मी बघून घेईन. तू पाना उचल."

त्या संध्याकाळी मायलेकी फरशीवर बसल्या. एकीच्या हातात मायक्रोमीटर, दुसरीच्या हातात टॉर्च. "हलवू नकोस गं," कौमुदी म्हणायची. "तू आधी पाय हलवायचा थांबव," अलका म्हणायची.

दसऱ्याच्या सकाळी शेवटचा बोल्ट आवळला गेला. बटण दाबताच इंजिन गुरगुरलं, मग एका सुरात चालू लागलं. भगवानजी फाटकात दात घासत उभे राहिले. उमाकांत झेंडूचा हार घेऊन आला आणि त्याने तो हँडलला घातला.

"झालं! येतेय ही नाशिकला."

कौमुदी मात्र टाकीवर कान टेकवून वाकली होती. तिने गाडी बंद केली.

"का गं?" उमाकांतने विचारलं.

"चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह. अजून बोलतोय."

"मला नाही ऐकू येत."

"मला येतोय ना."

"अगं, जिंकलीस की! चालू झाली ती, आता राहू दे."

"बाबा, तो हार काढा. टाकी उतरवायचीय."

पण गरम इंजिनात अंतर मोजता येत नाही. गार होईपर्यंत थांबायला हवं होतं. ती पायरीवर बसली. पाय हलत होता.

अलका आतून आली. घासलेलं इडलीपात्र तिने लेकीच्या शेजारी ठेवलं आणि श्रीखंडाचं बघायला परत आत गेली.