कुजलेल्या झाडाची चार पानं

झाडांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना लालबागच्या आजीचा नमस्कार. शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी शेजारीण सुमन विरारला राहायला गेली. जाताना तिच्या जाड पानांच्या दोन सक्युलंटांपैकी एक मला देऊन गेली. मी रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते, तसं त्यालाही तांब्याभर घालायचे. तुळस खूश, हे मात्र देठापासून कुजलं. सुमन फोनवर विचारायची आणि मी म्हणायचे, छान आहे गो.

मग इथेच कोणीतरी सांगितलंत, गळलेली चांगली पानं कोरड्या मातीवर नुसती ठेवा, पाणी घालू नका. चार पानं ठेवली, पण पाणी न घालणं मला किती जड गेलं म्हणून सांगू. सून तांब्या लपवून ठेवायची.

आज सकाळी बघते तर चारही पानांना गुलाबी मुळं, आणि एकाला तांदळाएवढं पिल्लू. लगेच सुमनला फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "गो बाय, माझं तर कधीच कुजलं. तुला सांगायची लाज वाटत होती. एक पिल्लू मला ठेव."

तुमचे सगळ्यांचे उपकार. आता एवढंच सांगा, विरारला न्यायचं तर पिल्लू केवढं होऊ देऊ?